पलीकडचा गाळा

मासा सूमेईनेच आणायचा होता. त्र्याहत्तरावं वर्ष म्हाताऱ्या माणसाला जड जातं, त्या वाढदिवसाला लेकीने आणलेला जिवंत कार्प मासा आईने खाल्ला की ती त्या वर्षावरून उडी मारून पुढे जाते, असं सीमेवरच्या हेइहे गावात सगळेच मानत. आईला दोन मुलगे होते, पण लेक एकच. तेव्हा सकाळी सातलाच सूमेई नदीकाठच्या मासळीबाजारात हजर होती आणि कोळिणीशी हुज्जत घालत होती.

"एवढासा? हा खाऊन आई फार तर मंगळवारपर्यंत उडी मारेल."

"ताई, नदीत जाळं टाकायची सोय आहे का आता? बघा की तिकडे!"

बघायची गरज नव्हती, आवाज इथवर येत होता. बर्फाचे मोठमोठे तवे पाण्यावरून वाहत होते आणि एकमेकांवर घासत होते, फरशीवरून पत्रे ओढावेत तसे. दरवर्षी नोव्हेंबरातले हे पंधरा-वीस दिवस असेच जात. बोटी बंद झालेल्या असत आणि बर्फ अजून बस पेलण्याइतका धरलेला नसे. पलीकडे रशियात जायचं तर हवेच्या गादीवर सरकणारी ती एक गादीबोट, तिच्यात जागा मोजक्या आणि माल न्यायला जवळजवळ मनाई. या दिवसांत गावातला एकही व्यापारी धड बसत नसे. लोक दुकानातून उठून काठावर जात, नदी बघत, परत येत, चहा अर्धा टाकून पुन्हा जात. यंदा तर एप्रिलचं भूत सगळ्यांच्या मानगुटीवर होतं.

सूमेईने शेवटी चार शेरांचा मासा घेतला आणि पिशवीत तडफडत असतानाच घरी आणला.

घरात शिरताच तिला पहिल्यांदा दिसले ते दारातले पांढरे बूट. तिंगतिंगचे. मोठ्या भावाची ही मुलगी हार्बिनला रशियन शिकत होती आणि तिची परीक्षा तोंडावर होती.

"आत्या!" तिंगतिंगने येऊन गळ्यात हात टाकले. "तुझ्यासाठी सॉसेज आणलंय."

"आणि परीक्षा कुणाला देऊन आलीस?"

"बाबांनी बोलावलं," ती म्हणाली आणि माशाची पिशवी उचलून लगबगीने आत गेली.

सूमेईला ते खटकलं. देमाओदादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, पोरीच्या अभ्यासापायी टीव्हीचा आवाजसुद्धा बारीक करायला लावणारा माणूस. आजीच्या वाढदिवसासाठी तो तिला रात्रभराच्या गाडीने बोलावणार नाही.

जेवण दुपारी बाराला सुरू झालं. आई खाली जाळ असलेल्या विटांच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती. दोन्ही मुलांनी सोसायटीत फ्लॅट घेतले तरी ती हा ओटा सोडून जायला तयार नव्हती. तिचे डोळे राखाडी होते, नाक सरळ, लांब. तिची आई पलीकडच्या काठावरची होती. एके काळी रशियन नातं असणं धोक्याचं होतं, म्हणून या घरात त्या बाईचं नाव घ्यायची चोरी होती, तिचा एकुलता एक फोटो आईने स्वतःच्या हाताने चुलीत घातला होता. आता देमाओदादा गोदामात आलेल्या प्रत्येक रशियन गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगे, "आमची आजी तुमचीच!" आणि मग कोटाची किंमत सांगे.

आईने माशाचा पहिला तुकडा खाल्ला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्या देलिनने ज्वारीची दारू ओतली. मग दादाने जेवायच्या काठ्या वाटीवर आडव्या ठेवल्या.

"एप्रिलचं काय ते आज ठरवून टाकू," तो म्हणाला.

नवा नियम सगळ्यांना पाठ झाला होता. एप्रिलपासून पलीकडच्या बाजारात परदेशी माणसाला गाळ्यामागे उभं राहून माल विकता येणार नव्हता. विकणारा माणूस तिथलाच हवा. आणि ल्वान कुटुंबाचं सगळं पोट त्या एका गाळ्यावर होतं. पिसांचे कोट, लोकरी अस्तराचे बूट, थर्मास. देलिन दक्षिणेतल्या कारखान्यांतून माल आणायचा, दादा इकडचं गोदाम बघायचा, आणि पंधरा वर्षं गाळ्यामागे उभी होती सूमेई. पलीकडे तिला सगळे सोन्या या रशियन नावाने हाक मारत.

"तिथली एखादी बाई पगारावर ठेवू," सूमेई म्हणाली.

"शेजारच्या गाळ्यावाल्या लियूने ठेवली होती. आता त्या गाळ्यावर तिचा मेहुणा बसतो, आणि लियू बाहेर उभा राहून बघतो. नाही, माणूस घरातलंच हवं."

"घरातलं रशियन माणूस कुठून आणणार? आईला उभी करतोस?"

देलिन हसला. दादा हसला नाही. त्याने माशाचा गालाचा मऊ तुकडा काढून सूमेईच्या वाटीत ठेवला. दादाने आपणहून तिला काही वाढलं, की पुढे काहीतरी येणार, हे ती लहानपणापासून ओळखून होती.

"अर्कादी बरा माणूस आहे," तो म्हणाला.

सूमेईचा घास तोंडातच राहिला.

अर्कादी स्तेपानोविच पलीकडच्या धक्क्यावर त्यांचा माल ढकलगाडीवरून गाळ्यापर्यंत ओढायचा. पूर्वी नदीबोटींवर इंजिन बघायचा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. अकरा हिवाळे तो त्यांच्या गाठोड्यांना दोऱ्या बांधत होता.

"कागदापुरतं गं," दादा घाईने म्हणाला. "नोंदणी कचेरीत जायचं, दोन सह्या करायच्या. तू इथंच राहायचंस. गाळ्यावर तो उभा राहील, माल तू विकशील. त्याला महिन्याचं काहीतरी बांधून देऊ. माणूस गरीब आहे, नाही म्हणणार नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

तिंगतिंग वाटीत बघत राहिली. तेवढ्यात त्साइलिंगवहिनीने डाव खाडकन भांड्यात टाकला.

"सांगा ना आता! पोरीला परीक्षेतून उठवून का आणलंत, ते सांगा की तुमच्या बहिणीला!"

"मी कुठं जबरदस्ती केली?" दादाचा आवाज चढला. "तिला विचारलंय मी. पलीकडच्या बाजाराच्या पहारेकऱ्याचा मुलगा बघितलाय. पाच वर्षांनी सोडचिठ्ठी. एक शिक्का, बस्स."

"माझ्या वर्गातल्या दोघींनी केलंय, आत्या," तिंगतिंग म्हणाली. "काही होत नाही." पण ते बोलताना ती काठीचं टोक दातांनी चावत होती, आणि ती अजून बावीसचीही झाली नव्हती.

सूमेई उठून स्वयंपाकघरात गेली. पाठोपाठ वहिनी आली आणि तिने दार लावून घेतलं. या दोघींचं गेल्या दहा वर्षांत सरळ बोलणं कमीच झालं होतं. सूमेई चांगले कोट आधी स्वतःच्या ओळखीच्यांना देते, हे वहिनीने अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. आता तीच वहिनी ओले हात एप्रनला पुसायची थांबतच नव्हती.

"मी तुझ्याशी कशी वागले ते मला ठाऊक आहे, सूमेई. तोंड वर करून मागायचा मला हक्क नाही. पण तू हो म्हण. तुझं एकदा झालंय, मोडलंय, तुला काय फरक पडतो? माझ्या पोरीच्या कपाळी घटस्फोटाचा शिक्का कशाला?"

"मला काय फरक पडतो," सूमेईने तेच शब्द पुन्हा म्हटले.

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच म्हणायचं होतं, वहिनी. असू दे."

तिला फरक कसा पडत होता, ते या घरात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. नवरा, शेन, तिला सोडून ताल्येन शहरात गेला त्याला बारा वर्षं झाली होती. त्यानंतर तिने पुरुष हा विषयच मिटवून टाकला होता. पण दोन वर्षांपूर्वी एका रविवारी, थंडीने बोटं वाकेनाशी झाली तेव्हा, अर्कादीने तिला घरी नेऊन गरम सूप पाजलं आणि तिचे हातमोजे स्वतःच्या मोज्यांशेजारी वाळत घातले. तेव्हापासून दर रविवारी ती तिथं जेवत होती. जेवण झालं की तो जुनी मोटर उघडून बसे, ती मोजे रफू करी. याला काय म्हणायचं, हे दोघांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणि आता दादा त्यालाच महिन्याचं बांधून देणार होता.

ती बाहेर आली तेव्हा दादा आणि देलिन हळू आवाजात बोलत होते. ते थांबले.

"मी कागदाचं लग्न करणार नाही," ती म्हणाली. "आणि तिंगतिंगलाही करू देणार नाही."

"मग खायचं काय, बर्फ?" देलिन उसळला. "माझी दोन पोरं शाळेत आहेत. तुझ्यामागे कुणी नाही म्हणून तुला सुचतं हे!"

"देलिन, गप बस," ओट्यावरून आई म्हणाली. इतका वेळ ती माशाचे काटे वेगळे करत होती. "आणि तिला कागदाचं कशाला करायला लावता? खरंच करू दे की. दर रविवारी ती त्याच्याकडेच जेवते."

सूमेईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"तुला कुणी सांगितलं, आई?"

"तुझ्या कोटाने. शेपूचा वास येतो त्याला. या घरात शेपू कोण खातं? माझ्या आईच्या हाताला यायचा तसला वास." आईने बोटं पुसली. "माणूस बरा असेल तर कर लग्न. मी काही बोलायची नाही."

आईने ते मायेनेच म्हटलं होतं. पण पुढच्याच क्षणी देलिनने मांडीवर थाप मारली.

"अरे, मग प्रश्नच मिटला की!"

दादाचा चेहरा उजळला. त्याने पेला भरला, हात पुढे केला. "वेडे, आधी सांगायचंस! मी उगाच मागच्या आठवड्यात बाटली घेऊन त्याच्या घरी गेलो, किती संकोच वाटला मला. आता तर फुकटातच—"

"गेला होतास?"

"हो. तो म्हणाला, तिलाच विचारा."

"आणि महिन्याचं? तेही बोललास त्याच्याशी?"

"बोलायलाच गेलो होतो ना."

सगळे हसत होते. वहिनी तिंगतिंगच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि सुटकेने रडत होती. सूमेईला वाटलं, आपण एवढी वर्षं एक वस्तू फडताळाच्या मागे जपून ठेवली होती, आणि या लोकांनी ती हसत हसत काढून मालाच्या ढिगावर ठेवली. तिने कोट चढवला आणि ती बाहेर पडली. मागून दादा ओरडला, "अगं, शेवया तरी खाऊन जा! वाढदिवसाच्या आहेत!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गादीबोटीत तिला जागा मिळाली. दहा मिनिटांचा रस्ता, पण बोट बर्फाच्या कडांवरून अशी आदळत होती की शेजारचा म्हातारा डोळे मिटून बसला होता. पलीकडे घड्याळ एक तास पुढे. ती पुढे करायलाही विसरली.

अर्कादी धक्क्यावर ढकलगाडीला टेकून उभा होता. तिच्या चेहऱ्याकडे बघूनच त्याने टोपी काढली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं."

"आठ दिवस. मधे एक रविवार गेला. तू मला सूप वाढलंस, आणि बोलला नाहीस."

"काय बोलणार, सोन्या? तुझा भाऊ माझी किंमत विचारून गेला, असं?"

"किती सांगितलीस मग?"

"सांगितली असती तर खोट्या लग्नाला दुप्पट हमाली सांगितली असती." त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "खऱ्याला काहीच नाही."

एरवी ती हसली असती. आज नाही. दोघं बाजाराकडे चालू लागले. गाडी रिकामी होती तरी तो ती ओढत होता.

"मला एक सांग, अर्कादी. आज तू हो म्हणालास, मी हो म्हणाले. उद्या गाळा तुझ्या नावावर. घरात सगळे खूश. मग दहा वर्षांनी आपण एखाद्या दिवशी भांडलो, तर मला कसं कळणार की तू माझ्यासाठी हो म्हणाला होतास? आणि तुला तरी कसं कळणार, की मी गाळ्यासाठी म्हणाले नव्हते?"

त्याने गाडी थांबवली. हिशेबी माणूस असता तर त्याने पटकन शपथ घेतली असती.

"नाही कळणार," तो म्हणाला.

त्या एका उत्तराने तिचा निर्णय झाला. गाळ्याशी न थांबता ती सरळ बाजाराच्या कचेरीत गेली. गाळ्याचा करार तिच्या नावावर होता. दादाने एकदा व्हिसाची मुदत चुकवली होती, वर्षभर त्याला पलीकडे यायची बंदी झाली, तेव्हा तो तिच्या नावावर केलेला, आणि मग तसाच राहिलेला.

"मार्चअखेर सोडते," ती खिडकीतल्या बाईला म्हणाली. "पुढे नको. आत्ताच लिहून घ्या."

"घाई कशाला करता? तुमचे लोक सगळे काही ना काही वाट काढतायत. थांबा की फेब्रुवारीपर्यंत."

"फेब्रुवारीपर्यंत माझं मन बदलेल."

बाईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "त्या गाळ्यासाठी सतरा जणांची यादी आहे. आज लिहून दिलंत तर उद्या रडून उपयोग नाही."

"म्हणूनच आज आले."

बाईने अर्ज पुढे सरकवला. नावाच्या जागी तिने सवयीने सोन्या लिहायला घेतलं, खोडलं, आणि पूर्ण नाव लिहिलं: ल्वान सूमेई. ती बाहेर आली तेव्हा तिचे पाय इतके हलके झाले होते की तिला भीतीच वाटली. पंधरा वर्षांत कधी नव्हे ते तिला कुठेही पोचायची घाई नव्हती.

"दिलंस?" अर्कादीने विचारलं.

"दिलं. मार्चपर्यंत आहे तो माल काढायचा. मग संपलं."

"आणि मी कुणाची गाठोडी ओढू?"

"ज्याला हवी असतील त्याची."

"आणि आपलं?"

"एप्रिल येऊ दे. तेव्हा या काठावर माझी स्वतःची खुर्चीसुद्धा नसेल. माझ्यापासून कुणाला काडीचा फायदा नसेल. तेव्हा विचार."

"एप्रिलमध्ये!" अर्कादी भर बाजारात ओरडला, दोन बायका वळून बघायला लागल्या. "बर्फ सुटायची वाट बघत थांबायला मी काय बोट आहे? त्रेपन्न वर्षांचा आहे मी, सोन्या!"

तेव्हा मात्र ती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावर गार झालं. "थांबशील," ती म्हणाली. त्याने खिशातून स्वतःचे मोठे हातमोजे काढून तिच्या हातात कोंबले आणि दिवसभर तिची गाठोडी अशी आदळत राहिला, की शेवटी तिला एक थर्मास पोचा आला म्हणून निम्म्या किमतीत द्यावा लागला.

संध्याकाळी ती घरी पोचली त्याआधी बातमी पोचली होती. बाजारात हेइहेची निम्मी माणसं, आणि प्रत्येकाच्या खिशात फोन. देलिन अंगणातच आडवा आला.

"आम्हाला एका शब्दाने विचारलंस?"

"तुम्ही मला विचारलंत?"

"काल त्यासाठीच बसलो होतो ना आपण!"

"काल तुम्ही ठरवून बसला होतात. तिंगतिंगचं गाडीचं तिकीट माझ्या उत्तराआधी काढलेलं होतं."

"माझ्या पोरांना काय सांगू? आत्याला स्वाभिमान आठवला?" देलिनचा आवाज फुटला. त्याची भीती खरी होती, हे तिला दिसत होतं.

तेवढ्यात त्साइलिंगवहिनी बाहेर आली. तिच्या हातात तिंगतिंगची बॅग होती. ती देलिन आणि सूमेईच्या मधे येऊन उभी राहिली, पाठ सूमेईकडे, तोंड दिराकडे.

"भाऊजी, माझी पोर आत्ताच्या गाडीने हार्बिनला जातेय. तिला जो परत बोलावेल त्याची माझ्याशी गाठ आहे. आणि हिला कुणी काही बोलायचं नाही. तुमची पोरं उपाशी राहत असतील तर माझ्या घरी जेवायला पाठवा." मग तिने मान मागे न वळवता म्हटलं, "सूमेई, आत जा. तुझ्या शेवया ठेवल्यात. फुगल्या असतील आता."

तिंगतिंग मागून आली, सूमेईच्या गळ्यात पडली. मग वहिनीच्या हातातली बॅग घेऊन ती रस्त्याकडे गेली.

आत आई ओट्यावर झोपली होती, की झोपल्यासारखी पडली होती. दादा पुढच्या खोलीत कोटांच्या गाठोड्यांवर बसला होता, दिवा न लावता. सूमेई दारात थांबली. तो ओरडेल अशी तिने तयारी करून ठेवली होती, बोटीत बसून उत्तरंही जुळवली होती.

"पहिल्या हिवाळ्यात मी तिथं माझ्या अंगातला कोट विकला होता," दादा म्हणाला. "माल संपला आणि एक बाई म्हणाली, हा द्या. दिला. नुसत्या स्वेटरवर बर्फावरून चालत आलो. आईने शिव्या दिल्या, आणि मी हसत होतो."

"आठवतंय."

"तिथून चालू झालं सगळं. आणि तू एका सहीत संपवलंस."

"हो, दादा."

"राग आलाय मला तुझा."

"येऊ दे. मलाही तुझा आलाय."

त्याने मान हलवली. बाहेर वहिनी रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत होती. बॅग आत टाकल्याचा आवाज आला, मग गाडी सुरू झाल्याचा. दादा तो आवाज जाईपर्यंत ऐकत राहिला. त्याचे खांदे खाली आले, आणि पोरगी गेली याचं त्याला आतून बरंच वाटलं असावं, असं तिला वाटून गेलं.

"मग आता?" त्याने विचारलं. "काय करायचं आपण? सांग."

सूमेई पंचेचाळीस वर्षांची होती. कुठल्या शाळेत जायचं, शेनशी लग्न करायचं की नाही, गाळ्यात काय ठेवायचं, हे सगळं दादाने तिला सांगितलं होतं. विचारलं कधीच नव्हतं. बोटीत जुळवलेल्या उत्तरांत याचं उत्तर नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. मग तिने कोट काढून खुंटीला अडकवला. "सरक जरा, मला बसू दे."

दादा सरकला.